तीन वाजताचा पाऊस

३ फेब्रुवारी, सोमवार

"काका, आमच्याकडे पाऊस पडतोय."

वरच्या मजल्यावरचा सारंग. सकाळी सात वीसला दारात, हातात मोबाइल. मी खिडकीतून बाहेर पाहिलं — हैदराबादेत आमच्या काचीगुड्यावर लख्ख ऊन, ढगाचा पत्ता नाही! म्हटलं, झोप झाली नाही वाटतं ह्याची.

तर म्हणे गच्चीवर त्याने घरगुती हवामान केंद्र बसवलंय. वारा, ऊन, दमटपणा, सगळं मोजतं. पावसासाठी एक नळकांडं, आत डोलणारा छोटा पेला. पेला भरला की कलंडतो, आणि तारेवरून खाली त्याच्या घरातल्या डब्यात एक टिक पडते. आज सात पाच ते सात वीस — चौदा मिलिमीटर!

"तुम्ही रेडिओवर बोलायला लागलात की आमचा पाऊस सुरू होतो, काका. वायफायचा डबापण बंद पडून परत चालू होतो."

मी म्हटलं, अरे बाबा, १९८७ पासून हौशी हॅम रेडिओ करतोय. सरकारचं लायसन्स आहे. तू तुझं खेळणं सुधार.

खेळणं म्हणायला नको होतं. तोंड उतरलं पोराचं. पण रेडिओमित्रांची सकाळची हजेरी अर्धवट सोडून दार उघडावं लागलं की माझं डोकं फिरतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

हजेरी सात पाच ते सात पंचवीस. बिदर, नांदेड, सोलापूर, अंबरपेठचा किशोर — सगळे हजर. वर धो धो पडला असेल. पडू दे!

दुपारी नेहमीप्रमाणे अंबरपेठ. माझ्या थोरल्या बहिणीचे, त्रिवेणीताईचे गुडघे अजून तसेच. फिजिओथेरपीवाल्याकडे ती माझ्याच अंगावर ओरडते, जणू पाय मीच ओढतोय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

इथे कोण वाचतंय, म्हणून खरं लिहितो. सारंगचं म्हणणं बरोबर आहे. त्याच्या पावसाच्या भांड्याची तार आणि माझ्या अँटेनाची केबल गच्चीपासून एकाच पाइपाला धरून खाली येतात. मी बोललो की थोडा करंट त्याच्या तारेत शिरतो आणि डबा त्याला पाऊस समजतो. तारेवर फेराइटची, असला करंट अडवणारी, दोन कडी बसवली, तारेचे चार-पाच वेढे त्यातून काढले, की संपलं. दहा मिनिटांचं काम. माझ्या ड्रॉवरमध्ये अशी सहा कडी पडली आहेत.

मग बसवत का नाही? कारण काल त्याने बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इंग्रजीत टाकलं — थर्ड फ्लोअरच्या बेकायदेशीर ट्रान्समीटरमुळे सगळ्यांना त्रास! बेकायदेशीर! बत्तीस वर्षं वीज खात्यात काढली, एक मेमो नाही. आता मी कडी घेऊन वर जाऊ? मुळीच नाही.

बायकोने, सुलभाने, पाटी पुढे केली. "कडं बसवून" एवढं वाचलं आणि मी भडकलो. "तू पण त्याच्याच बाजूने?" तिने तळव्याने पाटी पुसून टाकली.

चौदा महिने झाले तिचं स्वरयंत्र काढून. कॅन्सरमधून जीव वाचला, डॉक्टरांना हात जोडले. पण जामबागच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवलेला तो आवाज, शेवटच्या बाकावरच्या पोरांना उठवणारा, तो गेला. आता गळ्याच्या भोकावर मलमलचा रुमाल आणि हातात पाटी. मोबाइलवर लिहायला तिला आवडत नाही. लोक तिच्याशी मोठ्याने बोलतात, जणू ती बहिरी आहे. मीही बोलतो. मग ती लिहिते, "ऐकू येतं!"

८ फेब्रुवारी, शनिवार

सारंग यादी घेऊन आला. तारीख, वेळ, मिलिमीटर. सकाळचे आकडे माझ्या हजेरीशी तंतोतंत जुळतात.

पण खाली अजून दोन ओळी होत्या. मंगळवार, दुपारी तीन दहा ते साडेतीन. शुक्रवार, तीन बारा ते तीन पस्तीस.

मी उडालोच! मंगळवार-शुक्रवार अडीच ते पाच मी अंबरपेठेला असतो. सेट बंद. घरी सुलभा एकटी, ती बिचारी बोलू पण शकत नाही. "मग हा पाऊस कुणाचा रे? माझ्या भुताचा?" त्याने यादी उलटसुलट करून पाहिली. म्हणजे डब्यातच खोट आहे. दुपारचा पाऊस माझा नाही, तर सकाळचा माझा कशावरून?

हा युक्तिवाद लंगडा आहे, मला माहीत आहे. पण त्याला उत्तर सुचलं नाही तेव्हा फार बरं वाटलं.

९ फेब्रुवारी, रविवार

पार्किंगमध्ये मीटिंग. सेक्रेटरी नरसिंग राव प्लास्टिकच्या खुर्चीवर. "क्या साब, रोज का ये लफडा नक्को. एक बोलता पाऊस, एक बोलता भूत."

सारंग उभा राहिला. "काका, मंगळवारी-शुक्रवारी सव्वातीनला माझी क्लायंट मीटिंग असते. वायफाय जाऊन चार वेळा मी मध्येच गायब झालोय. मॅनेजरने लेखी विचारलंय. अजून एक-दोनदा झालं तर प्रोजेक्टवरून काढतील. पुण्याहून इथे नोकरीसाठीच आलोय ना आम्ही."

हे मला माहीत नव्हतं. तिथेच थांबायला हवं होतं. पण वीस माणसं बघत होती, आणि कुणीतरी मागून म्हणालं, बुढ्ढे को समझाओ. मग काय! मी नरसिंग रावांचा पॅड ओढून घेतला आणि लिहून दिलं — माझा सेट दुपारी तीन वाजता एकदा जरी चालल्याचं सिद्ध झालं, तर अँटेना मी स्वतःच्या हाताने उतरवीन आणि ह्या इमारतीतून पुन्हा प्रक्षेपण करणार नाही. खाली सही, तारीख.

"मैं रख लेतूं," म्हणाले राव, आणि कागद घडी करून खिशात टाकला.

वर येताना पाय हलके वाटत होते. हरण्यासारखं काही नाही ना त्यात!

१० फेब्रुवारी, सोमवार

सुलभाला कागदाचं सांगितलं नाही. उगाच काळजी करेल.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अंबरपेठेला निघायच्या आधी तिने पाटी धरली. "गळ्याशी" वाचलं. म्हटलं, रुमाल संपले ना? कोठीच्या बाजारात जाईन तेव्हा आणतो. ती काहीतरी अजून लिहीत होती, पण किशोरचा फोन आला.

दुपारी तीन आठला पुन्हा पाऊस. तेव्हा मी त्रिवेणीताईचा टॉवेल धरून उभा होतो. फिजिओथेरपीवाल्याकडून वेळेची पावती लिहून घेतली. पुरावा!

१२ फेब्रुवारी, बुधवार

कोठीहून मलमलचे तीन रुमाल आणले. एक फिकट निळा. तिने हसून घेतले. तिचं हसणं असं झालंय की आतलं काही कळत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन विचित्र गोष्टी. सेटचा डायल संध्याकाळी केसभर सरकलेला होता. मी नेहमी सात हजार पंच्याऐंशी किलोहर्ट्झवर ठेवतो. वय झालं, दुसरं काय.

आणि शोकेसमधली पितळी 'की' चकचकीत! सुलभाची. मोर्सची, आखूड-लांब टिकांनी संदेश पाठवायची. १९८७ साली दोघांनी लायसन्सची परीक्षा एकदमच दिली. मोर्समध्ये तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले होते, हे मी चार लोकांत कधी बोललो नाही. मग घर, शाळा, पोरगी, सासूबाईंचं दुखणं. तिने कधी कुणाशी संपर्क केलाच नाही. तिचं लायसन्स मात्र दर वेळी मीच नूतनीकरण करून आणतो. ती 'की' तेवढी शोकेसमध्ये राहिली. शोकेस पुसलं वाटतं तिने.

आज दुपारीही पाऊस. एकोणीस मिलिमीटर.

१६ फेब्रुवारी, रविवार

लिफ्टमध्ये सारंग. दोघांनी मजल्यांचे आकडे बघितले. डोळ्यांखाली काळं आलंय त्याच्या.

घरी सुलभाची पाटी. "डॉक्टरांना" दिसलं. म्हटलं, अगं, तपासणी मार्चच्या दहाला आहे, कॅलेंडरवर लाल खूण केली आहे, मी विसरेन का? तिने खडू खाली ठेवला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सारंगने नवीन काहीतरी बसवलंय. नुसती टिक नाही, तारेवर क्षणाक्षणाला काय येतं त्याचा आलेख निघणार म्हणे. "आता खरं काय ते कळेल काका." चोर पकडायला निघालेल्या हवालदाराचा चेहरा! मी म्हटलं, काढ बाबा, आलेख काढ.

पण रात्री जेवण गेलं नाही. ती तार खरंच माझ्या केबलपाशी आहे. माझी केबल सेटपाशी. आणि दुपारी सेटपाशी कोण?

कोणी नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

"मला जरा" — एवढं लिहिलं होतं. म्हटलं, पड थोडी, स्वयंपाक मी बघतो. खिचडी केली. खाली लागली. तिने ताट पूर्ण संपवलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

अंबरपेठ. परत येताना जिन्यात सारंग भेटला. "आला, काका. तीन दहाला." त्याची मीटिंग आजही तुटली. ओठ आवळून धरले होते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी दहाला तो कागद घेऊन आला. सुलभा आंघोळीला गेली होती.

"सकाळी तुम्ही बोलता तेव्हा रेघ गवतासारखी येते, ही बघा. पण दुपारची बघा. एकदम स्वच्छ. कुणीतरी मोजून बटण दाबल्यासारखी. थोडी वर, थोडी खाली. मग जरा जास्त वेळ वर. असा पाऊस नसतो काका, आणि यंत्राची खोटपण अशी नसते."

मी कागदाकडे नीट बघितलंच नाही.

"अजून तीन पानं आहेत. प्रिंट देऊ?"

"पुरे! एवढ्यावरून कळतंय, कचरा आहे तुझ्या डब्यात."

तो गेला. मी चहा घेऊन टेबलाशी बसलो. कागद समोर. आणि बोटं आपोआप टेबलावर वाजायला लागली. लांब-आखूड-लांब-आखूड. लांब-लांब-आखूड-लांब. पुन्हा तेच.

सीक्यू. सीक्यू. म्हणजे — कोणी ऐकतंय का?

चहा तसाच राहिला. पेन्सिल घेतली. हजेरीत आम्ही सगळे माइकवर बोलतो, मोर्स वाचून मला पंधरा वर्षं झाली असतील. एकेक अक्षर उतरवलं. सीक्यूनंतर कॉलसाइन, लायसन्सवरचा ओळखीचा संकेत. तो मला पाठ आहे — दर वेळी नूतनीकरणाच्या फॉर्मवर मीच लिहितो.

सुलभाचा.

बाथरूममध्ये पाण्याचा आवाज येत होता. मी अक्षरं उतरवत राहिलो. रोमन लिपीत मराठी, आम्ही परीक्षेच्या वेळी सराव करायचो तसंच.

"नमस्कार. नाव सुलभा. गाव हैदराबाद."

मग मोकळी रेघ, अर्धा मिनिट. समोरचा काही बोलला असणार. त्याचं बोलणं ह्या कागदावर येत नाही, फक्त इथून गेलेलं येतं.

"हो, मी ठीक. इथे ऊन चौतीस. वारा नाही."

मोकळी रेघ.

"हे अंबरपेठेला गेलेत. मी लिहिते. हे अर्धं वाचतात आणि उत्तर देतात. उरलेलं अर्धं मी कुठे ठेवू."

पान संपलं.

पहिल्यांदा राग आला. खोटं कशाला लिहू! कुणा परक्याला माझी गाऱ्हाणी सांगते! कोण आहे तो? नियमाप्रमाणे त्याचा कॉलसाइन घ्यायला हवा होता, तोही घेतलेला नाही! मी ह्याच्यावर पाच मिनिटं फणफणत होतो — नियमावर!

मग ती केस पुसत बाहेर आली. निळा रुमाल बांधलेला. पाटी उचलून लिहिलं, "चहा गार झाला का?" पूर्ण वाचलं. पहिल्यांदा पूर्ण वाचलं, आणि कप उचलून चहा गरम करायला गेलो.

संध्याकाळ

आता लख्ख दिसतंय. मोर्समध्ये आवाज लागत नाही. तिथे कुणाला माहीत नसतं की ही बाई मुकी झाली आहे. तिथे कुणी तिच्यावर ओरडून बोलत नाही. दोन दुपारी, वीस-वीस मिनिटं, ती पुन्हा सुलभा बाई असते. आणि ती अँटेना मी रावांच्या खिशात घडी करून दिली आहे!

२३ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा पार्किंग. रावांच्या हातात सारंगचा आलेख. वीस माणसांत तो वाचता येणारा मी एकटा.

खोटं बोलणं सोपं होतं. पावती होती खिशात. रस्त्यावरून जाणारी बिदरची वायरलेसवाली गाडी, नांदेडचा ट्रक, कुणाचंही नाव घेता आलं असतं.

"बोलो साब, आपका है कि नहीं?"

मी म्हटलं, माझा आहे. माझाच सेट, माझीच अँटेना. सिद्ध झालं.

सारंग माझ्याकडे बघत राहिला. "पण काका, तुम्ही तर अंबरपेठेला..." म्हटलं, पुढे विचारू नकोस. कागद कागद आहे. येत्या रविवारपर्यंत उतरवतो.

मागून कुणी काही बोललं नाही. त्यापेक्षा बुढ्ढा म्हणाले असते तर चाललं असतं.

सुलभाला अजून माहीत नाही. मला माहीत आहे हेही तिला माहीत नाही. जेवताना तिने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, काही नाही. खोटारडा मी.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मला ऐकायचं होतं कोण आहे तो. हेवा वाटत होता, लिहून टाकतो.

त्रिवेणीताईला फिजिओथेरपीवाल्याकडे सोडलं आणि दोन गल्ल्या पलीकडे किशोरकडे गेलो. किशोर म्हणजे माझा तीस वर्षांचा हजेरीचा सोबती, त्याच्याकडे सेट आहे. म्हटलं, जरा ऐकू दे. "हौ, ऐक ना. चहा टाकू?" तो आत गेला.

तीन दहा. आली! इतकी स्वच्छ, इतकी तालात की मान ताठ झाली माझी. माझ्यापेक्षा चांगली आहे, अजूनही. सीक्यू, कॉलसाइन, मग ती थांबली.

मी कान लावले. काही नाही. डायल जरा इकडे, जरा तिकडे. बारीक खरखर. कुणी नाही.

तिने पुन्हा हाक दिली. पुन्हा थांबली. पुन्हा कुणी नाही. दुपारी तीनला, सावकाश मोर्समध्ये, कोण असणार तिथे?

आणि मग तिने पाठवलं, "हो, मी ठीक."

कुणी विचारलं नव्हतं. कुणी म्हणजे कुणीच. ती मोकळी जागा सोडते, तेवढा वेळ वाट बघते, आणि मग विचारल्यासारखं उत्तर देते.

मी सेट बंद केला. पुढचं ऐकवेना. किशोर चहा घेऊन आला, म्हणाला, "काय झालं रे, रडतोस का?" म्हटलं, डोळ्यात कचरा गेला. साठीच्या पुढची दोन माणसं असली कारणं एकमेकांना देतात आणि चहा पितात.

२६ फेब्रुवारी, बुधवार — महाशिवरात्र

सुलभाने साबुदाण्याची खिचडी केली. ती खाऊन, फेराइटची कडी खिशात घालून वर गेलो. सारंगला सुट्टी होती. दारातच सगळं सांगितलं. काकूचं, पाटीचं, कड्यांचं.

त्याने एक कडं हातात घेऊन फिरवून पाहिलं. मग भडकलाच.

"म्हणजे पहिल्या दिवशी दहा मिनिटांत झालं असतं हे?"

"हो."

"तीन आठवडे, काका! मी दर मंगळवारी बाथरूममध्ये जाऊन मोबाइलच्या नेटवर मीटिंग जोडत होतो. बायकोला सांगितलं नाही. नोकरी जाईल म्हणून झोप नव्हती मला!"

मी उभा होतो. ऐकून घेतलं. मध्ये बोललो नाही. अवघड असतं ते, आता कळलं.

मग दोघं गच्चीवर गेलो. मी तारेचे पाच वेढे कड्यातून काढले, दुसरं कडं खाली त्याच्या डब्यापाशी, एक वायफायच्या तारेला. खाली जाऊन दहा मिनिटं सेटवर बोललो, वर तो डब्यापाशी बसला. मोबाइलवर त्याचा निरोप आला — शून्य.

उतरताना त्याला म्हटलं, ती उरलेली तीन पानं दे रे. ती काय म्हणाली ते मला वाचायचं आहे.

त्याचा चेहरा पडला. "काका, तुम्हीच पुरे म्हणालात. मेमरी भरली होती, मी डिलीट केलं."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

बिल्डिंगच्या ग्रुपवर माफी टाकली. मराठीत लिहिली, सारंगने इंग्रजी करून दिली. त्याच्या यंत्राला खेळणं म्हटल्याबद्दलही. हे त्याने खास सांगितलं होतं!

संध्याकाळी नरसिंग राव आले. "कागद पे लिखे सो लिखे. लेकिन शिकायत करने वालाच बोल रहा शिकायत नहीं, तो मैं क्या करूं?" घडी केलेला कागद टेबलावर ठेवला. "भाभी को नमस्ते बोलो," म्हणाले, नेहमीच्या आवाजात. ओरडून नाही. सारंगने सांगितलेलं दिसतंय.

अँटेना राहिली. आनंद व्हायला हवा. पण ते उरलेलं अर्धं डोक्यातून जात नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

किशोरचा सेट. तीन दहा. तिने हाक दिली, जागा सोडली. त्या जागेत मी किशोरच्या मोर्सच्या 'की'वर माझा कॉलसाइन दिला.

मिनिटभर काही नाही. मग — "तुम्ही?"

"हो. उरलेलं सांग. थांबतो."

सावकाश आलं, एकेक अक्षर. "गळ्याला डावीकडे पुन्हा गाठ लागतेय. महिना झाला. तीनदा पाटीवर लिहायला घेतलं."

रुमाल आणले मी. मार्चची तारीख सांगितली. पड थोडी म्हटलं.

उद्या सकाळी आठला डॉक्टर बघणार आहेत. फाइल पिशवीत भरली. ती आत्ता समोर बसून पाटीवर लिहितेय. पाटी भरत आली आहे. मी थांबलोय.